तेहतीस वर्षांनी धुतलेला रोल

एक जुना फोटो आहे. कृष्णधवल, डागाळलेला, कडेने उडालेला. सगळीकडे बर्फ. मधोमध एक अवाढव्य बलून कुशीवर पडलंय, एखादं थकलेलं जनावर बसकण मारतं तसं. शेजारी दोन माणसं उभी आहेत, त्या बलूनपुढे अगदी चिमुकली. धावपळ नाही, हातवारे नाहीत. दोघं नुसती बघताहेत.

तारीख आहे १४ जुलै १८९७. जागा म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्रावरचा एक बिंदू, ८२ अंश ५६ मिनिटं उत्तर. उभ्या असलेल्या दोघांपैकी एक सालोमोन आंद्रे, या मोहिमेचा प्रमुख, आणि दुसरा क्नुट फ्रेंकेल. तिसरा दिसत नाही, कारण तो कॅमेऱ्यामागे आहे. त्याचं नाव निल्स स्ट्रिंडबर्ग. वय चोवीस.

तुमच्यापैकी ज्यांनी फिल्मचे कॅमेरे वापरलेत त्यांना आठवेल, रोल धुवायला टाकला की दोन-तीन दिवस काय हुरहूर असायची. छत्तीसपैकी किती आले, किती हलले, कुणाचे डोळे मिटले. स्ट्रिंडबर्गचा हा रोल धुतला गेला १९३० साली. तेहतीस वर्षांनी. तोवर फोटोतला आणि फोटोमागचा, तिघांपैकी कुणीच उरलं नव्हतं.

मला ध्रुवीय मोहिमांचे फोटो बघायला आवडतात. पण या एका मोहिमेचे फोटो बघताना दरवेळी एक वेगळाच प्रश्न मनात येतो, आणि तो फोटोत नसलेल्या माणसाबद्दल असतो. त्याच्याकडे येतोच. पण आधी गोष्ट थोडी सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती फारशी कुणाला माहीत नसते. आपल्याला आर्क्टिक म्हटलं की आठवतं ते लोकमान्यांचं १९०३ सालचं पुस्तक, वेदांच्या उगमस्थानाबद्दलचं. ही गोष्ट त्याच्या थोडी आधीची. पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली होती, आणि त्यानंतर बरोब्बर एकोणीस दिवसांनी, ११ जुलैला, तिकडे स्वालबार्ड बेटसमूहातल्या डान्सकोया नावाच्या बेटावरून एक हायड्रोजनचं बलून आकाशात गेलं. नाव 'ओर्नेन', म्हणजे गरुड.

आंद्रे हा इंजिनियर, स्वीडनच्या पेटंट ऑफिसात नोकरीला. त्याचं म्हणणं ऐकायला फार गोड होतं. ध्रुवावर जायला लोक जहाजं घेऊन जातात, ती बर्फात अडकतात. कुत्रे घेऊन जातात, ते मरतात. मग बर्फावरून जायचंच कशाला? वरून जाऊ. बलूनला वाऱ्याच्या मर्जीने जावं लागतं हे त्यालाही कळत होतं. त्यावर त्याची युक्ती अशी की बलूनखाली लांबलचक जाड दोर सोडायचे, ते बर्फावरून घासत जातील, त्याने बलूनचा वेग वाऱ्यापेक्षा कमी होईल, आणि मग शिडं लावून थोडीफार दिशा देता येईल. 'स्वेआ' नावाच्या छोट्या बलूनवर त्याने स्वीडनमध्ये याचे प्रयोगही केले होते.

स्वीडनला ही कल्पना भलतीच आवडली. शेजारच्या नॉर्वेचा नान्सेन तेव्हा 'फ्राम' जहाज घेऊन ध्रुवाकडे गेलेला. आपलंही कुणीतरी हवंच ना! पैसे आले. राजा ऑस्कर दुसरा याने दिले, आल्फ्रेड नोबेलने दिले, बॅरन डिक्सनने दिले. पॅरिसमध्ये लाशांब्र नावाच्या कारागिराकडे बलून शिवून घेतलं. वार्निश लावलेलं चिनी रेशीम, व्यास साडेवीस मीटर. ते पॅरिसहून थेट स्वालबार्डला गेलं. मध्ये कुठेही एकदासुद्धा उडवून बघितलं नाही.

हे वाक्य मी लिहून थांबलो. आपण नवी स्कूटर घेतानासुद्धा एक चक्कर मारून बघतो हो.

उड्डाणाच्या पहिल्या काही मिनिटांतच घोळ झाला. बलून किनाऱ्यावरून समुद्राकडे गेलं आणि दोरांच्या ओढीने इतकं खाली आलं की टोपली पाण्याला टेकली. दोर कुठे अडकले तर सोडवता यावेत म्हणून त्यांचे भाग स्क्रूने जोडलेले होते. दोरांना पीळ पडला आणि ते स्क्रू आपोआप सुटले. साधारण ५३० किलो दोर खाली राहिले. त्याच गडबडीत वरच्यांनी २१० किलो वाळू टाकून दिली. एकदम एवढं हलकं झालेलं बलून ७०० मीटरपर्यंत चढलं. ज्या दोरांनी दिशा द्यायची तेच गेलेले, आणि इतक्या उंचीवर हायड्रोजन आणखी भरभर गळणार. साडेदहा तास ते मोकळं उडालं. मग धुक्यात सापडलं, अंगावर बर्फ चढला, वजन वाढलं, आणि आपटत, थांबत, परत उचलत, तीन दिवसांच्या आत ते बर्फावर येऊन पडलं. ध्रुव तिथूनही साडेसातशे किलोमीटरहून लांब.

तो पहिला फोटो याच वेळचा.

त्यानंतर तिघं चालायला लागले. आठवडाभर सामान लावून, प्रत्येकी दोनशे किलोपेक्षा जास्त ओझं लादलेल्या घसरगाड्या ओढत. पुरस्कर्त्यांनी दिलेल्या सामानात शॅम्पेनसुद्धा होती! आधी ते फ्रान्झ योझेफ लँडच्या दिशेने निघाले. पण पायाखालचा बर्फ हा समुद्रावर तरंगणारा बर्फ. तो उलट दिशेला सरकत होता. दिवसभर पूर्वेकडे ओढत जायचं आणि मोजमाप केलं की कळायचं, आपण पश्चिमेला आलोय. ४ ऑगस्टला त्यांनी दिशा बदलली, सेव्हन आयलंड्सकडे, जिथे त्यांच्यासाठी अन्नाचा साठा ठेवलेला होता. बर्फाने तिथेही जाऊ दिलं नाही.

४ सप्टेंबरला स्ट्रिंडबर्गला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. आंद्रेने त्या दिवसासाठी जपून ठेवलेली घरची पत्रं त्याच्या हातात दिली. त्यात आनाचंही पत्र होतं. आना शार्लिए, त्याची वाग्दत्त वधू. त्या आधी बर्फावरून तोही तिला पत्रं लिहीत होता, लघुलिपीत, वहीतच. टाकणार कुठे!

सप्टेंबरच्या मध्यावर त्यांनी चालणं सोडलं आणि एका मोठ्या हिमखंडावर बर्फाचं घर बांधलं. २ ऑक्टोबरला तो हिमखंड घराजवळच तडकला. ५ ऑक्टोबरला ते क्वितोया बेटावर उतरले. क्वितोया म्हणजे पांढरं बेट, जवळजवळ सगळंच हिमनदीखाली. तिथे काही दिवसांतच तिघंही गेले. आधी स्ट्रिंडबर्ग, कारण त्याला कुणीतरी खडकाच्या कपारीत दगडांखाली पुरलं होतं. बाकीच्या दोघांना पुरायला कुणी उरलं नव्हतं.

स्वीडन तेहतीस वर्षं वाट बघत राहिलं. एक कबूतर सापडलं होतं, १३ जुलैची चिठ्ठी घेऊन आलेलं, सगळं ठीक आहे म्हणणारी. पण पुढे नेमकं काय झालं ते कळलं नाही. मग १९३० च्या ऑगस्टमध्ये 'ब्रात्वाग' हे नॉर्वेचं जहाज गुन्नार हॉर्न यांची शास्त्रीय तुकडी आणि सीलची शिकार करणारे खलाशी घेऊन क्वितोयाला लागलं. एरवी बर्फाने वेढलेलं ते बेट त्या उन्हाळ्यात मोकळं होतं. बर्फातून एका होडीचं टोक वर आलेलं दिसलं. मग घसरगाडी, भांडी, कपडे, डायऱ्या, हाडं. पाठोपाठ पत्रकारांनी भाड्याने घेतलेलं 'इस्ब्यर्न' हे जहाज गेलं, त्यांना उरलेलं सापडलं. आणि या सगळ्यात स्ट्रिंडबर्गचे रोल.

स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात जॉन हर्ट्झबर्ग नावाचे फोटोग्राफीचे जाणकार होते. त्यांच्याकडे हे रोल आले. तेहतीस वर्षं ओल खाल्लेली, गोठलेली, वितळलेली, परत गोठलेली फिल्म. डार्करूममध्ये त्यांनी ती धुतली, आणि जवळपास २४० जागांपैकी ९३ फोटो वाचवले. त्या क्षणी त्या अंधाऱ्या खोलीत काय वाटलं असेल याचा विचार केला की अंगावर काटा येतो. ट्रेमधल्या द्रावणात हळूहळू एक आकार उमटतोय, काळं-पांढरं, आणि तो आहे कुशीवर पडलेलं बलून. तेहतीस वर्षं सगळा देश विचारत होता, काय झालं? उत्तर त्या ट्रेमध्ये होतं.

आता फोटोंबद्दल.

हे फोटो तुम्ही एकामागून एक बघितलेत तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. यात शौर्य दाखवायचा प्रयत्न कुठेच नाही. छाती पुढे काढून झेंड्याशेजारी उभं राहणं नाही. एका फोटोत मारलेलं पांढरं अस्वल आणि बाजूला दोघं. एकात होडी लादलेली घसरगाडी उंचवट्यावर अडकलीय आणि ती ढकलणारी वाकलेली पाठ. एकात तंबू. सगळं रोजचं, कष्टाचं, थोडं कंटाळवाणंसुद्धा. स्ट्रिंडबर्गला मुळात नेलं होतं ते बलूनमधून नकाशासाठी फोटो काढायला. कॅमेरा होता सात किलोचा. बलून पडल्यावर ते काम संपलं. वजन कमी करायला त्यांनी कितीतरी सामान बर्फावर टाकून दिलं, अन्नसुद्धा. हा सात किलोचा कॅमेरा मात्र टाकला नाही. तो फोटो काढत राहिला, साधारण दोनशे.

का? मला वाटतं, कारण तो शास्त्रज्ञ होता. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकलेला. जे दिसतंय ते नोंदवायचं, एवढी सवय. ते आपल्या बाजूचं आहे की विरोधातलं हे बघायचं नाही. पडलेल्या बलूनचा फोटो हा खरं तर अपयशाचा पुरावा आहे. आपल्या मोहिमेच्या अपयशाचा पुरावा इतका शांतपणे, इतका नीट फ्रेम करून कोण घेतं?

१९३० च्या ५ ऑक्टोबरला तिघांच्या शवपेट्या स्टॉकहोमला आल्या, ज्या 'स्वेन्सक्सुंड' जहाजाने त्यांना १८९७ मध्ये नेलं होतं त्याच जहाजातून. राजा गुस्ताव पाचवा स्वतः हजर होता, रस्ते भरून गेले होते. राष्ट्रीय वीर. आणि त्या वातावरणात फोटोंना मथळाही आपोआप मिळाला: धैर्य. आजही ते कुठे छापले की साधारण तोच मथळा असतो.

मला त्या मथळ्याबद्दल बोलायचंय.

या मोहिमेचा पहिला प्रयत्न आदल्या वर्षी, १८९६ च्या उन्हाळ्यात झाला होता. त्या वर्षीच्या चमूच्या फोटोत आंद्रे आहे, स्ट्रिंडबर्ग आहे, आणि फ्रेंकेलच्या जागी आहे निल्स एकहोल्म. वयाने आंद्रेपेक्षा मोठा, हवामानशास्त्रज्ञ, आर्क्टिकचा अनुभव असलेला. त्या वर्षी बलून फुगवून ठेवलं, पण हवा तसा दक्षिणेचा वारा काही आला नाही. सगळे डान्सकोयावर वाट बघत बसलेले. त्यात परतीच्या दिवसांत, ऑगस्टमध्ये, नान्सेनचं 'फ्राम' बर्फातून सुटून नेमकं तिथेच आलं. म्हणजे शेजाऱ्याची मोहीम यशस्वी होऊन घरी निघालीय आणि आपलं बलून जमिनीवरच!

पण वाट बघण्याच्या त्या काळात एकहोल्मने एक काम केलं. त्याने बलूनची गळती मोजली. शिवणीमध्ये सुईची साधारण ऐंशी लाख छिद्रं होती आणि पट्ट्या चिकटवून, वार्निश लावून ती पुरती बुजत नव्हती. रोज ६८ किलो वजन उचलण्याइतकी ताकद कमी होत होती. आंद्रे म्हणत होता, बलून तीस दिवस हवेत राहील. एकहोल्मचा हिशेब सांगत होता, फार तर सतरा. आणि परतीच्या प्रवासात त्याला हायड्रोजन बनवणाऱ्या यंत्रणेच्या प्रमुख इंजिनियरकडून कळलं की आंद्रेने अधूनमधून गुपचूप हायड्रोजन भरायला लावला होता. म्हणजे त्याने मोजलेले आकडेसुद्धा प्रत्यक्षापेक्षा बरे दिसत होते.

एकहोल्मने सांगितलं, जास्त मजबूत आणि घट्ट बलून मिळालं तर येतो, नाहीतर नाही. आंद्रेने ऐकलं नाही. एकहोल्म बाहेर पडला. त्याच्या जागी सत्तावीस वर्षांचा, धडधाकट, डोंगरदऱ्यांत रमणारा इंजिनियर फ्रेंकेल आला. लोकांचं कौतुक, वर्तमानपत्रांचं कौतुक आंद्रेच्या बाजूला होतं. सगळा देश निरोप द्यायला उभा असताना "छिद्रं फार आहेत" म्हणणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार?

आता प्रामाणिकपणे सांगायला हवं की बलून पडलं ते काही या छिद्रांमुळेच नव्हे. दोर गेले, वाळू टाकली, धुक्याचा बर्फ चढला, ही कारणं मोठी. सतरा दिवसांचा हिशेबसुद्धा पुढे फारच आशावादी ठरला. म्हणजे एकहोल्मने नेमकं भाकीत केलं आणि ते अक्षरशः खरं झालं, असं म्हणणं सोपं आहे पण बरोबर नाही. त्याचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. त्याने मोजलं, आकडा आवडला नाही तरी तो बदलला नाही, आणि त्या आकड्याप्रमाणे वागला. स्वतःची जागा, प्रसिद्धी, ध्रुवावर जाणारा पहिला माणूस होण्याची संधी, सगळं सोडून.

आणि या माणसाचा फोटो आपल्याला आठवत नाही. आठवणार कसा? माघारीचा फोटो काढायचा तरी कशाचा? एक माणूस बोटीतून घरी परत येतोय, बॅग घेऊन. त्यात बघण्यासारखं काय असतं?

इथे कुणी म्हणेल, सगळेच एकहोल्म झाले असते तर जग पुढे गेलंच नसतं. हा मुद्दा मला पूर्वी बिनतोड वाटायचा. पण इतिहास बघा. हवेतून ध्रुव गाठायची आंद्रेची मूळ कल्पना बरोबरच होती. १९२६ च्या मे महिन्यात 'नोर्गे' हे हवाई जहाज आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांना घेऊन ध्रुवावरून गेलं आणि अलास्कात उतरलं. फरक एवढाच की त्याला इंजिनं होती, सुकाणू होतं. म्हणजे एकहोल्म जे मागत होता, चांगलं साधन द्या मग येतो, तेच शेवटी झालं. जग पुढे गेलं ते अटी मान्य झाल्यावर. १८९७ मध्ये तीन माणसं गेली त्याने ध्रुव एक दिवसही जवळ आला नाही.

हे सगळं स्वीडनमध्ये कुणाला कळलं नाही असं नाही हं. पेर ओलोफ सुंदमान यांनी १९६७ मध्ये या मोहिमेवर कादंबरी लिहिली, यान त्रोएल यांनी १९८२ मध्ये त्यावर चित्रपट केला. त्यातला आंद्रे पुतळ्यातला वीर नाही, आपल्याच प्रसिद्धीत अडकलेला माणूस आहे. पैसे घेतलेत, राजाचा आशीर्वाद घेतलाय, एकदा तोंड पाडून परत आलोय, आता दुसऱ्यांदा कसं परतायचं? हे चित्र मला जास्त खरं वाटतं. पण गंमत अशी की वीर म्हणा किंवा बळी म्हणा, प्रकाशझोत आंद्रेवरच. लोकांच्या चर्चेचा दुसरा लाडका विषय म्हणजे तिघं नेमके कशाने मेले. १९५२ मध्ये अर्न्स्ट ट्रीडे या डॅनिश डॉक्टरांनी सांगितलं, अस्वलाच्या कच्च्या मांसातल्या कृमींमुळे. कुणी म्हणतं थंडी, कुणी म्हणतं स्टोव्हचा विषारी वायू. बेया उस्मा या स्वीडिश लेखिकेने आयुष्यातली कितीतरी वर्षं या प्रश्नावर घालवून २०१३ मध्ये पुस्तक काढलं, आणि तिचा तर्क पुन्हा वेगळा. वाचायला फार रंजक आहे हे सगळं. पण ते कसे मेले यावर शंभर वर्षं, आणि ते निघाले कसे यावर चार ओळी, हा हिशेब मला पटत नाही. मरण क्वितोयावर झालं. निर्णय तर आदल्या वर्षीच झाला होता, जेव्हा मोजणारा माणूस बाहेर पडला आणि मोजमाप तसंच राहिलं.

तुम्हाला वाटेल, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या स्वीडिश माणसांवर हा एवढा का तापलाय? सांगतो.

आपल्याकडे पावसाळा आला की सह्याद्रीत गर्दी होते. दरवर्षी कुणीतरी धबधब्यात वाहून जातं, कुणी कड्यावरून घसरतं. बातमीत फोटो येतो तो आदल्याच क्षणी काढलेला, हसरा, पाठीमागे दरी. कधीतरी विचार करा की त्या दिवशी, त्याच वाटेवरून, पाण्याचा लोंढा बघून किती ग्रुप मागे फिरले असतील. त्यांची बातमी नाही. मी एकदा हिमालयात एका ग्रुपबरोबर गेलो होतो. खिंडीच्या आदल्या मुक्कामावर आमच्यातल्या एका बाईंनी सकाळी सांगितलं, "रात्रभर डोकं दुखतंय, उलट्या झाल्यात, मी खाली उतरते." वाटाड्याचा मुलगा त्यांच्याबरोबर खाली गेला. बाकीचे आम्ही वर गेलो, खिंडीत फोटो काढला, तो आजही बऱ्याच जणांच्या भिंतीवर आहे. त्या फोटोत त्या नाहीत. नंतर ग्रुप भेटला की कुणीतरी म्हणायचंच, "ताई, तुमचं राहिलंच हो!" म्हणजे काहीतरी कमी पडलं त्यांचं. खरं तर त्या मुक्कामावर शरीराचा आकडा सगळ्यांत नीट वाचला होता तो त्यांनीच.

आणि डोंगरावरच कशाला जायला हवं? कुठल्याही ऑफिसातली मीटिंग घ्या. तारीख ठरलीय, साहेबांनी वर शब्द दिलाय, आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, हे तयार नाहीये अजून. त्या क्षणी खोलीतल्या नजरा बघण्यासारख्या असतात. त्याला निगेटिव्ह म्हणतात. टीम प्लेयर नाही म्हणतात.

निगेटिव्ह! फोटोच्या भाषेत निगेटिव्ह म्हणजे मूळ. त्याच्याशिवाय फोटो नाही.

आना शार्लिएबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय हे संपवता येणार नाही, कारण अशा निर्णयांची किंमत बर्फावर गेलेलेच मोजतात असं नाही. स्ट्रिंडबर्गशी तिचं लग्न ठरलं ते १८९६ च्या शरदात, म्हणजे दोन प्रयत्नांच्या मध्ये. तिने वर्षानुवर्षं वाट बघितली. पुढे एका इंग्रज माणसाशी लग्न केलं. १९३० मध्ये रोल धुतले गेले, वह्या वाचल्या गेल्या, तेव्हा तिच्या नावाची ती पत्रं उजेडात आली. ती १९४९ मध्ये गेली, आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिचं हृदय चांदीच्या पेटीत ठेवून स्टॉकहोमला स्ट्रिंडबर्गच्या शेजारी पुरण्यात आलं. लोक ही प्रेमकथा म्हणून सांगतात. असेलही. मला मात्र त्यात तो सतरा आणि तीसचा हिशेब दिसतो.

एकहोल्म १९२३ मध्ये वारला. ते फोटो त्याने कधीच पाहिले नाहीत. पण मधल्या काळात तो मोजतच राहिला. १९०१ मध्ये त्याने पृथ्वीच्या बदलत्या हवामानावर एक निबंध लिहिला आणि वातावरण उष्णता कशी धरून ठेवतं हे सांगताना काचेच्या हरितगृहाची उपमा दिली. त्याच्या मित्राने, स्वान्ते अऱ्हेनियसने, कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी किती तापेल याचं गणित १८९६ मध्येच मांडलं होतं. हा अऱ्हेनियससुद्धा त्या पहिल्या वर्षी डान्सकोयावर गेलेला होता. वाऱ्याची वाट बघत बसलेल्या त्या चमूत केवढी माणसं होती बघा. ज्या प्रश्नाने आज जगाची झोप उडवलीय त्याचं पहिलं गणित करणारी माणसं तिथे होती, आणि मोहीम मात्र चालली होती दोर आणि शिडाच्या भरवशावर.

आज स्वालबार्डमध्येच, नी-ओलेसुंद या गावात, भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे. २००८ मध्ये सुरू झालं. त्याचा कारभार चालतो आपल्या गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रातून. याच गावातून 'नोर्गे' निघालं होतं, त्याला बांधायचा मनोरा अजून उभा आहे. आणि डान्सकोया तिथून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर. आपले संशोधक तिथे जाऊन काय करतात? मोजतात. बर्फ किती, हवा कशी, पाणी किती तापलं. त्यांचे फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. आणि त्यांचे आकडे आवडत नाहीत म्हणून तोंड फिरवणारे आजही कमी नाहीत.

म्हणून मला वाटतं, स्ट्रिंडबर्गच्या त्या फोटोंखालचा 'धैर्य' हा मथळा काढून टाकावा. धैर्य त्यात नाही असं मुळीच नाही. जवळजवळ दोन महिने तरंगत्या बर्फावर ओढलेल्या त्या घसरगाड्या बघून कुणाचीही मान खाली झुकेल. पण त्या एका शब्दामुळे फोटो बघायचेच राहून जातात. ते नीट बघितले तर दिसतं की स्ट्रिंडबर्ग आणि एकहोल्म एकाच जातीचे होते. एकाने गळणारा हायड्रोजन मोजला, दुसऱ्याने पडलेलं बलून टिपलं. जे आहे ते आहे तसं लिहून ठेवलं, आपल्याला सोयीचं नसतानाही. एक त्यामुळे वाचला, दुसरा वाचला नाही, पण त्याच्यामुळे आपल्याला कळलं.

तो फोटो कधी समोर आला तर थोडा वेळ थांबून बघा. बलूनजवळ दोन माणसं उभी आहेत. तिसरा कॅमेऱ्यामागे आहे. आणि चौथा त्या वेळी स्वीडनमध्ये आपल्या घरी आहे, जिवंत, आपल्या कागदांवर वाकलेला. त्यालाही मोजा.